शेवटच्या सेलातलं जस्त

मी एक जुना, संपलेला सेल आहे, मित्रांनो. शर्टाच्या बटणाएवढा, कानातल्या मशीनचा. हसू नका! माझ्या पोटात जस्ताची पूड आहे आणि पाठीला बारीक छिद्रं. त्यांच्यावरचं स्टिकर निघालं की हवेतला ऑक्सिजन आत शिरतो. मग जस्त आपले इलेक्ट्रॉन सोडतं आणि ते मशीनच्या तारांमधून धावत ऑक्सिजनकडे जातात. हे धावणं म्हणजेच वीज. यात जस्त मात्र खपत जातं, ते परत येत नाही.

माझे मालक रेवणप्पा. सोलापुरात यंत्रमागावर जन्म गेला आणि त्या खडखडाटात कान गेले. मुलीनं, अंकितानं, मशीन घेऊन दिलं, सोबत आम्हा सेलांचं पाकीट. पण विणकर माणूस तो! माग थांबू नये म्हणून सुताच्या कांड्या आधीच भरून ठेवायची सवय. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांची स्टिकरं सोलली आणि आम्हाला डबीत तयार ठेवलं. अरे देवा! काम न करताच आम्ही आतून सुकू लागलो.

त्यातच त्यांच्या बायकोच्या, नागूबाईंच्या, घशात गाठ निघाली. सोमवारी सकाळी ऑपरेशन, आणि त्यात आवाज कायमचा जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. रविवारी दुपारी, दवाखान्यातच, रेवणप्पांचं मशीन बंद पडलं. मशीनवाल्याचं दुकानही बंद. डबीतला एकेक सेल घालून पाहिला, सगळे गेलेले. मी तळाशी दबून होतो, हवा कमी लागली, म्हणून माझ्यात थोडा जीव उरला होता. शेवटी मला मशीनमध्ये बसवलं.

“अप्पा, सगळ्यांची स्टिकरं कशाला काढली वो?” अंकिता रडवेली झाली.

“कांड्यागत तयार ठेवली की गं. हवा लागून मरत्यात हे मला काय म्हाईत!”

“ऱ्हाऊ द्या आता,” नागूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “हिकडं या, जवळ.”

मशीन टुंग टुंग वाजलं. मी संपत आल्याची ती खूण.

“लौकर बोल, नागू. सेल चाललाय.”

नागूबाईंनी उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. ‘अवो’ हीच हाक. त्यांनी पदर सारखा केला, नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, “रेवणप्पा.”

म्हातारा लहान लेकरासारखा रडला. “आनी एकदा म्हन की.”

त्यांनी म्हटलं. पण तोवर माझं जस्त संपलं होतं. एवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

मित्रांनो, आमचं स्टिकर लागेल तेव्हाच काढा. संपलो की लेकरांच्या तोंडाला लागू देऊ नका. आणि कुणाला मायेनं हाक मारायची असेल, तर ती मात्र राखून ठेवू नका.