अहिल्यामावशींचा प्रश्न

२००८ च्या ऑक्टोबरात, प्रेसिडेंट व्हायला निघालेला एक उमेदवार मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या एका शाळेच्या जिममध्ये येणार होता, आणि अहिल्यामावशींना त्याला प्रश्न विचारायचा होता. मावशी म्हणजे माझ्या घरमालकीण. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहून मास्टर्स करत होते. सिटिझन होऊन त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. "भेंडीसुद्धा मी मोडून बघून घेते," त्या म्हणायच्या, "हा तर प्रेसिडेंट."

प्रश्न साधा होता. मावशींचे यजमान रवींद्रकाका एकोणीस वर्षं ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. जुलैत एका शुक्रवारी त्यांना घरी पाठवलं. नोकरीबरोबर हेल्थ इन्शुरन्सही गेला. डायबेटिस तेवढा राहिला. हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. महाराष्ट्र मंडळात काका 'कन्सल्टिंग' करत होते.

"विचार, पण माझं नाव घेऊ नकोस," काका म्हणाले. "अर्धं मंडळ येतंय तिथे."

"नाही घेणार. ओळखीचे एक गृहस्थ म्हणेन. झालं?"

पार्किंग लॉटमध्ये उतरलो तेव्हा मावशींच्या पिशवीत नारळ दिसला.

"मावशी, हे कशाला?"

"प्रमुख पाहुणे आहेत. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"मला कंपनीने दिला, आता तू त्यांना दे," काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने नारळ उचलला, कानाशी धरला आणि हलवला. आत पाणी वाजलं. मग त्याला सुचलं की संशयास्पद वस्तू हलवायची नसते. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने कुत्र्याला. कुत्र्याने शेंडी हुंगली, चाटली आणि शेपूट हलवत तिथेच बसकण मारली. मागे शंभर माणसं खोळंबली.

"मॅम, लिक्विड आत नेता येत नाही."

"पाणीच नडतंय ना?" म्हणून मावशींनी नारळ घेतला आणि फुटपाथच्या कडेवर एकाच फटक्यात फोडला. चार सिक्युरिटीवाले मागे सरकले. पाणी गवतात गेलं. फोडलेला नारळ वाटल्याशिवाय मावशींना चैन पडेना. आणखी दोनदा आपटून त्यांनी तुकडे केले आणि रांगेत फिरवले. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या पडल्या.

टाळ्या ऐकून कॅम्पेनची एक मुलगी पळत आली. मावशींची नऊवारी बघून खूश झाली. "तुम्ही स्टेजवर त्यांच्या मागे उभ्या राहा. टीव्हीवर दिसाल."

"तिथे माइक मिळतो?"

"नाही, फक्त हसायचं आणि हात हलवायचा."

"मग नको गं बाई. ते मी मंडळात दर वर्षी करते."

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. प्रश्न विचारणाऱ्यांत चौथा नंबर मावशींचा. "सर, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत," त्यांनी सुरुवात केली आणि नोकरी, इन्शुरन्स, इन्सुलिन सगळं सांगितलं. उमेदवार आठ मिनिटं बोलला. आजोबा आले, शेत आलं, झेंडा आला. टाळ्या झाल्या. कॅम्पेनच्या मुलीने माइक ओढला. मावशींनी सोडला नाही.

"छान बोललात, सर. पण नोव्हेंबरचं इन्सुलिन त्यांनी आणायचं कुठून?"

उमेदवार म्हणाला, "ते गृहस्थ इथे आहेत का?"

मावशी गप्प. एवढं बोलणारी बाई, पण शब्द दिला होता. पुढच्या रांगेतून मंडळाचे अध्यक्ष कुमार मागे वळून बघायला लागले.

शेजारची खुर्ची करकरली. काका उभे होते.

"तो मी. रवींद्र दाबके. ब्रेक. एकोणीस वर्षं."

मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की मीच मान फिरवली. तेवढ्यात मागून युनियनची टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस उठला. "ट्रान्समिशन. बावीस वर्षं."

मग भिंतीजवळची एक बाई. "पेंट शॉप. अकरा."

मग कुमार उठले, टाय सरळ केला आणि खाली बघत म्हणाले, "सॉफ्टवेअर. मे महिन्यापासून घरी."

उमेदवाराने हातातला कागद खाली ठेवला. "नोव्हेंबरसाठी माझ्याकडे उत्तर नाही," तो म्हणाला. "कायदा व्हायला वेळ लागेल."

"हे खरं बोललात," मावशी म्हणाल्या आणि माइक सोडला. मग काकांची बाही ओढली. "बसा आता."

"थांब गं," काका ताठ उभे राहून म्हणाले, "तिकडे अजून लोक उठतायत."