नागव्वानं बेतलेली चौहाती

मी चौहाती बोलतेय. घाबरू नका, आणि नाक तर मुळीच मुरडू नका. तोंड मुंगळ्याचं, गुडघे नाकतोड्याचे, अंगावर कवच, आणि उभी मात्र बाईसारखी दोन पायांवर. हात चार. आहे कागदावरचीच. पण कागदावरचीलाही आई लागते, आणि मला दोन मिळाल्या.

एक खेळ असतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसून फासे टाकतात. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, एक जण गोष्ट सांगतो आणि सगळे मिळून ती खेळतात. त्या गोष्टीत वाट अडवायला राक्षस लागतात. तशा एका राक्षसाचं चित्र काढायचं काम असे खेळ छापणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीनं जुळे सोलापुरातल्या चंद्रिकेला दिलं. तिचं पहिलंच काम. तो राक्षस म्हणजे मी.

माझं चित्र दोनदा परत आलं. कंपनीचे प्रदीप सर फोनवर म्हणाले, "बाईला किड्याचे हात चिकटवल्यासारखं दिसतंय, मॅडम. उद्या संध्याकाळपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर दुसऱ्या कुणाला देतो."

चंद्रिका रडायला लागली. मला तिचा रागच आला. अगं, दुसऱ्या कुणाला काम गेलं तर मी कुठं जाऊ? रद्दीत?

तिची आई नागव्वा शेजारीच मशीनवर कॉलनीतल्या बायकांचे झंपर शिवत होती. शाळा चौथीपर्यंत, तोंड फटकळ. उठली, चष्मा नाकावर ढकलला आणि माझ्यावर वाकली.

"ही काय घाण काडलीस गं?"

"राक्षस हाय, अव्वा."

"आसंल. पन हिचा मुंढा कुटं हाय?"

"मुंढा?"

"बाही बसती ती जागा गं! वरचे दोन हात खांद्यातनं आले, बरं. खालचे कुटनं आले? बरगडीतनं? हात वर केला की झंपर फाटंल हिचा!"

"अव्वा, ती झंपर घालत न्हाय."

"का? लाज न्हाय व्हय तिला?"

चंद्रिका रडता रडता हसली. नागव्वा हसली नाही. तिनं जुना पेपर अंथरला, कात्री घेतली आणि चार मुंढ्यांचा झंपर बेतला. तो टाचण्या लावून चंद्रिकेला चढवला. मग स्वतः तिच्या मागं उभी राहिली आणि खालच्या दोन भोकांतून आपले हात पुढं काढले.

"कर वर."

चारही हात वर गेले. कागद काखेत टर्रकन फाटला.

"बगितलंस? हिला एक छाती पुरत न्हाय. खाली आनिक एक छाती पायजे, बारकी, तिचे तिला खांदे. कंबर त्याच्या खाली."

दुसरा पेपर. पुन्हा कात्री. पुन्हा चंद्रिका पुढं, नागव्वा मागं. या वेळी चारही हात वर गेले आणि कागद फाटला नाही. समोर कपाटाचा आरसा होता. त्यात दोन बायका होत्या, एक अंग होतं, चार हात होते. मी स्वतःला पहिल्यांदा बघितलं ते तिथं.

चंद्रिकेनं मला तशीच काढली. दुसऱ्या दिवशी प्रदीप सरांचा फोन आला. "आता ही खरंच अंगावर चालून येईल असं वाटतं. ठेवतोय आम्ही. पुढचा राक्षस आठ पायांचा पाहिजे."

चंद्रिकेनं आईला सांगितलं. नागव्वानं मशीन थांबवलं.

"आट? बस हितं. परकर का इजार, ते आदी सांग."

आता मी त्या खेळाच्या पुस्तकात छापली गेलेय. फासे चांगले पडले की खेळणारे मला मारतात. मारा की. त्यासाठीच जन्मलेय, माझी तक्रार नाही. दोन बायकांनी आपले हात घालून मला बघितलं, तेव्हा मी झाले. एवढी माया कुठल्या राक्षसाच्या वाट्याला येते? हे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. तलवार उपसायच्या आधी गोष्ट सांगणाऱ्याला म्हणा, तिला एकदा चारही हात वर करू दे. नीट बघा. मग मारा.