चौथ्या तारेतला बिघाड

विरेशला आम्ही बँडमधून काढलं. तीन विरुद्ध शून्य मतांनी. बँडमध्ये आम्ही तिघंच, म्हणजे तिसरं मत त्याचं स्वतःचं होतं. रागाच्या भरात त्यानंही हात वर केला आणि म्हणाला, "घ्या की, एकमतानं होऊ दे."

असं काहीही झालेलं नाही. विरेश बँडमध्येच आहे. आपण पहिल्यापासून सुरू करू.

आमच्या बँडचं नाव 'भारनियमन'. दिग्विजय गातो आणि गिटार वाजवतो. मी नंदीश, ड्रम बडवतो. आणि विरेश बेस गिटारवर जे करतो त्याला वाजवणं म्हणायचं की नाही, यावरच ही सगळी मारामारी आहे. बेसवाल्यानं मागं उभं राहून गाण्याला खालून आधार द्यावा, अशी जगाची अपेक्षा असते. विरेश आधार देत नाही. तो गाण्याचा पाया उकरतो. चौथी, म्हणजे सगळ्यात जाड तार तो इतकी ढिली सोडतो की ती लाकडावर फडफड आपटते. बोटानं छेडायचा प्रश्नच नाही, तो तिला धोट्यानं मारतो. धोटा म्हणजे मागावर सुताची कांडी घेऊन इकडून तिकडं पळणारी लाकडी होडी, दोन्ही टोकांना लोखंड. वर स्पीकरचा कागद त्यानं स्वतः ब्लेडनं चिरलाय. स्पीकर नवा होता. वॉरंटीत.

त्यातून जो आवाज निघतो तो मला लई आवडतो. पोटात कुणीतरी लोखंडी कपाट सरकवल्यासारखं वाटतं, आणि कपाट सरकल्यावर मागं खिडकी निघते. दिग्विजयला खिडकी दिसत नव्हती.

"ह्याला बेस म्हणत्यात का बे? ताडपत्री फाटतीय नुसती."

"फाटू दे की."

"माझा आवाज ऐकूच येत न्हाय त्यात."

"म्हणून तर गाणं बरं वाटतंय," विरेश म्हणाला.

वीस तारखेला युवक महोत्सव होता. आमचं पहिलं स्टेज. विरेशनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "वाजवीन तर ह्याच आवाजात. न्हायतर तुमी दोघं जावा."

सराव चालायचा विरेशच्या काकांच्या, वीरभद्रप्पांच्या टॉवेलच्या कारखान्यात, मागच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या मधे. पलीकडं चोवीस माग दिवसभर खडखडतात. एवढ्या गोंगाटात आमचा बेस कुणाला ऐकू जाणार, असा आमचा अंदाज होता. शहरात दुसरीकडं कुठंही शेजारी भांडायला आले असते. इथं शेजारी म्हणजे चोवीस माग.

इथंच आम्ही चुकलो. मागावरच्या माणसाला मागाचा आवाज ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येतो तो फक्त बिघाड.

विरेशनं धोटा हाणला की पलीकडं सहा-सात माग बंद व्हायचे. प्रत्येक कामगाराला वाटायचं, आपलाच माग बिघडला. मग जॉबरला हाक. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. आमच्याकडं धुळाप्पामामा. तीस वर्षं मागांत काढल्यामुळं त्यांचे कान अर्धे गेलेत. ते मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि कुठला नट ढिला आहे ते सांगतात. चुकत नाहीत. त्या आठवड्यात मात्र सहा दिवस चुकले. चार मागांचे पिकर, म्हणजे धोट्याला टोला देणारे ठोकळे, बदलले. दोन बेअरिंगा बदलल्या. एक मोटर उघडली, तर आत मोटर होती. मामांनी जेवण सोडलं. त्यांना वाटलं आता हातही गेला. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही आत ताडपत्रीवरून भांडत होतो.

सातव्या दिवशी मामा भिंतीवर तळहात फिरवत फिरवत आमच्या दारात आले. आत येऊन स्पीकरवर हात ठेवला. डोळे मिटले. विरेशला आयुष्यात पहिल्यांदा श्रोता मिळाला होता. त्यानं जीव तोडून हाणला.

"एनातु ह्याला?" मामांनी विचारलं. राग आला की ते कानडीतून सुरू करतात.

"काय न्हाय झालं, मामा. असाच आवाज हाय."

"तार ढिली हाय. कागद फाटलाय. धा मिनटाचं काम. आन हिकडं."

"हात लावू नका. मीच फाडलाय."

"मुद्दाम?"

"व्हय."

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. पाना खाली ठेवलेले मामा मी याआधी पाहिले नव्हते.

"तीस वरीस मी ह्यो आवाज मारतोय. कुटंबी आला की ताटावरनं उठतो मी. आन तू त्यो पाळलायस? कुत्र्यावानी? नीट आवाजानं काय वाकडं केलंय तुझं?"

"नीट आवाज ऐकून झोप येते, मामा."

"येऊ दे की! झोप आली म्हंजी काम बरूबर चाललंय!"

"मला काम न्हाय करायचं. गाणं करायचंय."

"ह्ये गाणं न्हाय. ह्यो कामचुकारपना हाय. बिघाड कळतोय आन दुरुस्त करत न्हाईस!"

इथं विरेशनं गप्प बसायला पाहिजे होतं. मामांचा राग खरा होता आणि विरेशचाही खरा होता, आणि असे दोन खरे राग एका दहा बाय बाराच्या खोलीत मावत नाहीत. तो म्हणाला, "तुमाला ऐकू तरी येतंय का, मामा?"

मामांनी पाना उचलला आणि निघून गेले. दारात एवढंच म्हणाले, "सगळ्यांच्या आदी मलाच आलं."

पाच मिनिटांत वीरभद्रप्पा काका आले. "धुळाप्पा काम सोडून चाललाय घरला. आवाज नीट करा, न्हायतर खोली मोकळी करा." तेही गेले. दिग्विजयला आयतंच सापडलं.

"सगळी दुनिया तेच सांगतीय बे. जॉबर सांगतोय, काका सांगतोय. तू काय लागून गेलायस? बोटानं वाजव, सरळ वाजव. महोत्सवाला चार दिवस हायत."

विरेशनं त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"नंद्या, तू सांग. तुला आवडतोय न्हवं?"

मला आवडत होता. मला त्या आवाजाशिवाय ड्रम वाजवायचं दुसरं काही कारण नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात व्याकरणासकट तयार होतं. तोंडातून निघालं ते असं : "थोडा कमी केला तर…"

यानंतर मतदान झालं नाही. हात वर गेले नाहीत. विरेशनं धोटा माझ्या ड्रमवर फेकून मारला नाही. ड्रमचं कातडं फाटलंय ते आधीपासूनच.

वीस तारखेला विरेश बँडमध्ये होता, फक्त स्टेजवर नव्हता. बेस दिग्विजयनं मोबाईलमधून लावला. स्वच्छ, धुतलेला, इस्त्री केलेला बेस. दिग्विजयचा शब्द न् शब्द ऐकू आला, आणि तेव्हा मला कळलं की शब्द लई वाईट आहेत. पहिल्या रांगेत एका बाईंच्या मांडीवर बाळ झोपून गेलं. आम्ही रॉक वाजवत होतो. मी अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं बडवत होतो, आणि बाळ कूस बदलून परत झोपलं.

परीक्षक म्हणाले, "फार गोड झालं." दुसरं बक्षीस दिलं.

गोड! बासुंदी गोड असते. सून गोड असते, पहिले पंधरा दिवस. आम्ही लोकांच्या पोटातली कपाटं हलवायला गेलो होतो, आणि हा माणूस आम्हाला गोड म्हणून ट्रॉफी देत होता. ट्रॉफीवर वीणा होती.

"बघ," दिग्विजय पार्किंगमध्ये म्हणाला, "आलं का न्हाय सगळं नीट ऐकू?"

मी त्याला ट्रॉफी फेकून मारली. हे मात्र झालं. ती प्लॅस्टिकची निघाली, त्याला लागलीसुद्धा नाही, त्यामुळं माझा राग होता तेवढाच राहिला.

विरेश आता सोलापूरबाहेर, होटगीला त्याच्या सख्ख्या मामाकडं असतो. स्टेशनला लागूनच घर आहे. मालगाड्या धडधडत जातात, तिथं त्याला कुणी बिघाड म्हणत नसेल. माझा फोन तो उचलत नाही. एकदा उचलला, मी "सॉरी" म्हणालो, तो म्हणाला, "थोडं कमी आवाजात बोल," आणि ठेवला.

मी रोज संध्याकाळी कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसतो. एखादा माग बिघडायची वाट बघतो. काल अकरा नंबर बिघडला. दोन मिनिटं अगदी तोच आवाज आला, तसाच ढिला, तसाच फाटका. मी उठून आत पळालो. आम्ही खोली सोडल्यावर कामावर परत आलेले धुळाप्पामामा तिथं होतेच, सांगाड्यावर तळहात, दुसऱ्या हातात पाना.

"मामा, राहू द्या की जरा. दोनच मिनटं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू बी?" म्हणाले, आणि नट आवळला.

घरी येऊन मी अर्ज लिहिला.

प्रति,
मा. श्री. वीरभद्रप्पा, कारखाना मालक, सोलापूर.

विषय : माग क्रमांक ११ कायमस्वरूपी नादुरुस्त ठेवणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर माग दररोज सायंकाळी पाच ते सहा या वेळेत बिघडलेल्या अवस्थेतच चालू ठेवण्यात यावा, जॉबर श्री. धुळाप्पा यांना सदर मागास हात न लावण्याचे लेखी आदेश व्हावेत. आणि सदर आवाज होटगी स्टेशनपर्यंत स्पष्ट ऐकू जाईल अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून तातडीने करण्यात यावी, ही नम्र विनंती.