ताईबाईंच्या हृदयातली बावीस अक्षरे

मी एक जुना मायक्रोआरएनए आहे. जुना म्हणजे फार तर काही दिवसांचा; आमच्या कुळात तेही म्हातारपणच. मी झिजलो की माझ्यासारखाच दुसरा माझ्या जागी येतो, म्हणून सर्वांच्या वतीने मीच बोलतो.

मित्रांनो, मी अवघ्या बावीस रासायनिक अक्षरांची चिठ्ठी आहे. पिंप्राळ्यात राहणाऱ्या ताईबाईंच्या हृदयाच्या पेशीत माझे घर. ‘वाढा, जाड व्हा’ असे निरोप पेशीत फिरू लागले की मी त्यांना चिकटतो आणि अडवतो. त्यामुळे हृदय बेताच्या आकाराचे राहते.

ताईबाईंचा रक्तदाब कित्येक वर्षे चढाच होता. त्या ताणात पेशी मला कमी घडवू लागली. अडवणारे थोडे, निरोप फार. हृदयाच्या भिंती जाडावल्या, मग थकल्या. पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी अंगातले पाणी लघवीवाटे काढणारी गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितले. ताईबाईंनी ताटातले मीठ सोडले आणि त्या निश्चिंत झाल्या.

उन्हाळ्यात गल्लीत ज्वारीचे बिबडे घालायला सुरुवात झाली. पापडासारखे थापण्याआधी शिजवलेला खारा घाटा चाखायचा मान ताईबाईंचा. घरोघरच्या बायका चमचा घेऊन येत.

“अक्का, मीठ बरोबर शे का?”

सून दिपमाला म्हणाली, “आत्याबाई, डॉक्टरांनी नको सांगितलंय ना!”

“मी कोठे खास? नुसती चाखस!” खाणे वेगळे, चाखणे वेगळे, असा त्यांचा हिशेब.

अशी अकरा घरे झाली. कामातून सारखे उठावे लागू नये, म्हणून त्यांनी लघवीची गोळीही तीन दिवस घेतली नाही. चौथ्या दिवशी त्यांना श्वास पुरेना. छातीत पाणी साठले होते. एकेक ठोका ओझे उचलल्यासारखा पडत होता. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी फक्त चिकटून राहिलो.

आठ दिवसांनी त्या दवाखान्यातून घरी आल्या. शेजारची रूपा सवयीने चमचा घेऊन दारात आली आणि ओशाळली. ताईबाईंनी चमचा घेतला, नाकाजवळ नेला. मग तो दिपमालाच्या हाती दिला. “आते हिले विचार,” त्या रूपाला म्हणाल्या.

दिपमालाने चाखले. चाचरत म्हणाली, “मीठ फार झालंय.”

रूपाने ताईबाईंकडे पाहिले. इतकी वर्षे सारी गल्ली त्यांच्याच जिभेने मीठ टाकत होती.

“ती सांगस ते खरं शे,” ताईबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी गोळीसाठी पाणी मागितले.

मित्रांनो, आम्ही आता थोडेच उरलो आहोत. आतले निरोप आम्ही जमेल तितके अडवू. ओठांशी येणारा चमचा मात्र तुम्हीच अडवायचा.