बारागाड्यांच्या वाटेवरचा रंगमंच

माझं एकही नाटक शेवटपर्यंत गेलं नव्हतं. पहिलं वीज गेली म्हणून बंद पडलं, दुसरं नायिकेचं लग्न ठरलं म्हणून. नायिका माझा मित्र अभिमन होता. त्याच्या सासऱ्यांनी लुगड्यातला जावई बघितला आणि तालमी थांबल्या.

तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अठ्ठ्याऐंशी सालच्या अक्षय्य तृतीयेआधी, आमच्या आखाजीआधी, सरळ अट घातली. या वेळी नाटक लोकांसमोर शेवटच्या वाक्यापर्यंत झालं तर सुपडूने, म्हणजे मी, घरी राहायचं. नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सावद्याला, मामाच्या केळीच्या वखारीत. मला मामाकडे जायचं नव्हतं. मामा केळीच्या घडांशी प्रेमाने बोलायचा आणि माणसं पिकायला ठेवल्यासारखी वागवायचा.

आमचा भाग जळगावला चिकटलेला. आधी खेडं होता, मग शहराने गिळला, पण अजून पचवला नव्हता. तिथं लखीचंद शेठ आपल्या आईच्या नावाने उघडा रंगमंच बांधत होते. मागे त्यांनी कोणाला न विचारता पाणपोई बांधली, तर लोकांनी तिला म्हशी बांधल्या. म्हणून या वेळी शेठचा हट्ट होता की कला लोकांची, तर आराखडाही लोकांनीच करायचा.

लोकांनी केला. मारुतीच्या पारावर सभा भरायच्या. मी एकाही सभेत बसू शकलो नाही; पाराभोवती चकरा मारायचो आणि लोक मला प्रदक्षिणेचं पुण्य मिळणार म्हणायचे. कमलबाई म्हणाल्या, ओटा बुटका करा, आखाजीची गाणी म्हणायला आमचे गुडघे वर चढत नाहीत. कुस्तीच्या तालीमवाल्यांना फरशीऐवजी माती हवी होती. म्हाताऱ्यांना प्रेक्षकांत नाही, थेट रंगमंचावर बसायची सोय हवी होती, कारण वारा तिथं येतो. सगळं मान्य झालं. मी एकच गोष्ट मागितली: मागे भिंत. पडदा टांगायला आणि पलीकडचा अभिमनचा गोठा झाकायला. तीही मान्य झाली.

जागेवरून भांडणं होतील असं शेठना वाटलं होतं. पण मैदानातून जाणारी एक लांब मोकळी पट्टी सगळ्यांनी एका आवाजात दाखवली. तिथं कोणी घर बांधलं नव्हतं, उकिरडा केला नव्हता, साधी बाज टाकली नव्हती. इतकी चांगली जागा इतकी वर्षं मोकळी का, हे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आमच्याकडे सभेत बोलत नाहीत. उगाच समोरच्याला अडाणी समजल्यासारखं होतं.

भिंत उभी राहिली, चुना लागला, मधोमध शेठच्या आईचं नाव रंगवलं गेलं. आखाजी आठवड्यावर आली आणि वना भगत आपली वाट तपासायला निघाला.

आखाजीला आमच्याकडे बारागाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांत अख्खं गाव बसायचं आणि अंगात आलेल्या भगताने एकट्याने त्या मरीमातेच्या देवळापर्यंत ओढायच्या. वाट ठरलेली. वना भगत त्या वाटेवरचे खडे वेचत वेचत आला आणि भिंतीला नाक लागेपर्यंत आला. मग त्याने भिंतीवर हात ठेवला, आडव्या बसलेल्या म्हशीवर ठेवावा तसा.

मी पडद्याची दोरी बांधत होतो. वनाबाबा, तुम्ही तर प्रत्येक सभेत पुढेच बसला होता, मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"सांगानं काय? सगळास्ले माहीत शे," तो म्हणाला. "वाट देवनी शे. भित तुनी शे. तिले बाजूले कर."

पुन्हा सभा. वाट वळवावी असं कोणी म्हणालं, त्याला मरीमातेची परवानगी आणायला सांगितलं गेलं. तो परत आलाच नाही. शेवटी एकमताने ठरलं की ओट्याला दोन्ही बाजूंनी मातीचा उतार द्यायचा आणि भिंत मधोमध गाडीच्या रुंदीएवढी फोडायची. नाव नेमकं तिथंच होतं. शेठ म्हणाले, आईने एकदाही बारागाड्या चुकवल्या नाहीत, ती रागावणार नाही.

तेव्हा डावीकडे नव्याने रंगवलेलं ‘झमकूबाई’, उजवीकडे ‘रंगमंच’ आणि मध्ये वाटेच्या कडेला दिसणारा अभिमनचा गोठा, असं ते काम पूर्ण झालं.

माझं नाटक कोर्टातलं होतं. न्यायाधीश अभिमन. आरोपी मी, माझी झोपडी पाडून मला गावाबाहेर काढायचा हुकूम होतो आणि मी शेवटचं वाक्य बोलून नकार देतो, एवढंच नाटक. न्यायाधीशाची खुर्ची भोकासमोर आली. त्याच्यामागे म्हैस रवंथ करत होती. न्यायाधीशापेक्षा तीच जास्त विचार करतेय असं दिसत होतं.

आखाजीला आधी गाड्या, मग नाटक, असं ठरलं होतं. पण वनाच्या अंगात येईना. डफ वाजून वाजून थकले. ऊन उतरलं. मी रंगमंच ते गाड्या, गाड्या ते रंगमंच अशा खेपा घालत होतो. अजून किती वेळ, असं मी अदबीने विचारलं, तर गाड्यांपाशी जमलेले लोक देवीला विचार म्हणाले. शेवटी शेठ म्हणाले, करा सुरू.

नाटक चांगलं चाललं. म्हणूनच मला भीती वाटत होती. अभिमनने हुकूम लिहायला पेन उचललं आणि मागची म्हैस उठून उभी राहिली. पाठोपाठ डफ कडाडले.

बारागाड्या एकदा हलल्या की देवळाशिवाय थांबत नाहीत आणि त्यांच्या वाटेत कोणी उभं राहायचं नसतं. अभिमनने मागे पाहिलं, खुर्ची उचलली आणि भिंतीतून आत आलेल्या पहिल्या गाडीत चढला. आमचा प्रॉम्प्टर रुपचंद नाटकाची वही घेऊन त्याच्यामागे. सरकारी वकील चौथ्या गाडीत. प्रेक्षकही धावत येऊन जागा धरू लागले. आरोपी तेवढा ओट्याच्या कडेला उभा राहिला, कारण हुकूम अजून व्हायचा होता. शेवटच्या गाडीतून कोणीतरी माझी कॉलर धरून मला आत ओढलं. ते आबा होते.

देवळापाशी गाड्या थांबल्या, डफ थांबले. त्या शांततेत पहिल्या गाडीतून अभिमनचा आवाज आला, "आरोपी, तुला काही सांगायचं आहे?"

बाराही गाड्यांनी माना वळवल्या. मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं.

"संपनं का तुनं?" आबांनी हळूच विचारलं.

"एक वाक्य राहिलंय."

आबांनी सावद्याच्या दिशेला बघितलं.

रुपचंदने ओळखलं. तो ओरडला नाही; प्रॉम्प्टरने ओरडायचं नसतं. त्याने मागच्या गाडीच्या कानात सांगितलं. तिने तिच्या मागच्या. काठोकाठ भरलेला तांब्या हातोहात द्यावा तसं ते वाक्य जपून मागे येत होतं. अकराव्या गाडीतल्या कमलबाईंनी पदर सावरला आणि आबांच्या कानाशी वाकल्या.

आबांनी मला ते हळू सांगायला हरकत नव्हती. पण अख्खं गाव बघत होतं. ते गाडीत उभे राहिले, टोपी नीट केली आणि आयुष्यात कधी न बोललेल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, मी कुठेही जाणार नाही."

टाळ्या पडल्या. शेठ रडले. आबांच्या मागून मीही तेच वाक्य म्हटलं, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही.

घरी येताना आबा म्हणाले, ते आपलं नाटकातलं होतं. मी हो म्हणालो. थोडं चालून त्यांनी विचारलं, पण शेवटचं तेच ना? मी पुन्हा हो म्हणालो.

सकाळी बसच्या वेळेच्या कितीतरी आधी मी जागा होतो. पिशवी उशाशी होती. आबा मला उठवायला आले नाहीत. मी डोकावून पाहिलं, तर ते भिंतीवरच्या आरशासमोर टोपी घालून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.