मावशींच्या नावाचा डायलायझर

मित्रांनो, मी फळीवर पडून असलेला एक जुना डायलायझर आहे. मूत्रपिंडे काम करेनाशी झाली की माणसाचे रक्त माझ्यातून गाळून परत त्याच्या अंगात सोडतात. मी बाहेरून पारदर्शक नळीसारखा दिसतो. माझ्या पोटात केसासारख्या बारीक, पोकळ नळ्यांची जुडी आहे. कापसापासून केलेल्या पातळ पडद्याच्या त्या नळ्या.

इथे डायलिसिसच्या दवाखान्यात आल्यावर माझ्या अंगावर एका पेशंटच्या, सगळे ज्यांना मावशी म्हणतात त्यांच्या, नावाची पट्टी चिकटवली. आमच्याकडे एकाचा डायलायझर दुसऱ्याला लावत नाहीत. धुऊन, औषध भरून ठेवतात आणि पुन्हा त्याच माणसाला लावतात.

पहिला दिवस वाईट गेला. मावशींचे रक्त माझ्या पडद्याला भिडले आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी बिथरल्या. अंगात परका शिरला की त्याला अडवायचे, हे त्यांचे काम. मी परकाच होतो. त्या चिकट होऊन फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकल्या. रक्तात जेमतेम काही उरल्या. मावशींना धाप लागली, हुडहुडी भरली.

"नव्या फिल्टरची थंडी आहे, मावशी. नव्या सुनेसारखा आहे तो, रुळेल हळूहळू," सिस्टर म्हणाली.

"मग त्याला सांग, सासू आधीच आजारी आहे म्हणावं."

काका, म्हणजे मावशींचे यजमान, स्टुलावर बसून हसले. त्यांनी चादर ओढून मावशींच्या पायांवर नीट घातली. काही वेळाने पेशी परतल्या, थंडी गेली.

नंतर एक चांगली गोष्ट घडली. मावशींच्या रक्तातल्या प्रथिनांचा पातळ थर माझ्या पडद्यावर बसला. धुतल्यावरही तो राहिला. पुढच्या वेळी पेशी आल्या आणि फारशी गडबड न करता निघून गेल्या. मावशींच्याच रक्ताने मला झाकून घेतले होते. मी त्यांच्या घरचा झालो.

पण माझ्याआधी मावशींना असे कितीतरी नवे डायलायझर लागले होते. दर वेळी पेशी उगाच धावून जायच्या. अशा धावपळीने त्या थकतात. मग खरा शत्रू येतो, तेव्हा त्यांच्यात तेवढा जोर उरत नाही.

एके दुपारी डायलिसिस निम्म्यावर असतानाच मावशी थरथरू लागल्या. काकांनी अंगातला कोट काढून त्यांच्यावर घातला. "सिस्टरला हाक मारू का?"

"कशाला? आत्ता कुठे घास खायला बसलीय ती. फिल्टरची थंडी, दुसरं काय! जाईल."

"नवा लावलाय वाटतं आज."

"असेल."

मित्रांनो, मी नवा नव्हतो. ती थंडी माझी नव्हती. रक्त माझ्याकडे आणण्यासाठी मावशींच्या मानेत बसवलेल्या नळीवरचे ड्रेसिंग आंघोळीत भिजले होते आणि तिथून जंतू रक्तात शिरले होते. ते मला माझ्या आतून जाताना कळत होते. पण मला तोंड कुठे आहे? थंडी थोडी ओसरली. दोघे कोणाला काही न सांगता घरी गेले.

पुढच्या पाळीला मला फळीवरून काढलेच नाही. आजूबाजूचे सगळे कामावर जाऊन आले. मी औषधात बुडून त्या रिकाम्या पलंगाकडे बघत राहिलो.

काही दिवसांनी काका एकटेच आले. तोच कोट अंगात होता.

"रक्तात जंतू पसरले म्हणाले डॉक्टर. उशीर झाला," ते सिस्टरला म्हणाले. मग त्यांनी विचारले, "त्या दिवशी नवा फिल्टर होता ना?"

सिस्टरने मला खाली घेतले, पट्टीवरची तारीख पाहिली. "नाही काका. हा जुनाच आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिले. स्टूल ओढून ते पलंगाशी बसले. पायांकडची चादर त्यांनी एकदा नीट केली. पलंगावर कोणी नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे उपचार घेत असेल, तर त्याच्या थंडीचे कारण तुम्ही घरच्या घरी ठरवू नका. नेहमीचीच वाटली तरी सांगा. सिस्टर जेवत असली तरी हाक मारा. ती घास टाकून उठेल.

आता मला फेकायच्या पिशवीत टाकतील. पट्टी मात्र अजून कोणी काढलेली नाही.