बोरमाळच्या दोन वस्त्यांचा हातपंप

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझा हिरवा रंग कधीच उडाला, दांडा हातांनी घासून गुळगुळीत झाला आणि वर-खाली होताना मी कुरकुरतो. पण या वयात कुरकुर कोण करत नाही? पाणी मात्र मी अजून देतो. ज्याला शंका असेल त्याने वडूजच्या पूर्वेला बोरमाळला यावं, माझा दांडा धरावा आणि मग बोलावं.

माझा जन्म कुपवाडचा. तिथल्या एका कारखान्यात मला कापलं, जोडलं, रंगवलं. माझे भाऊबंद ओळीने उभे होते आणि ट्रक आला की एकेक जण निघून जात होता. मला वाटायचं, आपल्याला एखाद्या मोठ्या शहरातला चौक मिळेल, येणारेजाणारे बघतील. नशिबात आला बोरमाळचा माळ. खाली खडक, वर ऊन, आणि पाऊस असा, जसा पाहुणा दारातूनच हाक मारून पुढे जावा. मी मनातून फार खट्टू झालो होतो.

मला तिथे आणलं दोन तरुण माणसांनी, शांतवन रणपिसे आणि कृपा सातपुते यांनी. दोघेही सांगलीकडच्या एका ख्रिस्ती कॉलेजात शिकलेले. त्या कॉलेजात एक रीत होती. पदवी देताना प्राचार्य हातात कागद द्यायचे आणि खांद्यावर एक जाडाभरडा पंचा टाकायचे. येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि पुसले, त्याची ती आठवण. प्राचार्य म्हणायचे, "पदवी भिंतीवर टांगा, पंचा खांद्यावर ठेवा." कृपाबाईंचे वडील माधवनगरच्या गिरणीत कामाला होते. लेकीने बँकेत चिकटावं, पंख्याखाली बसावं, एवढीच त्यांची इच्छा. पण लेकीने पंचा उचलला आणि थेट आमच्या माळावर आली. हे सगळं मला कसं ठाऊक, असं विचाराल. अहो, पंपापाशी माणसं सगळं बोलतात.

बोरमाळला दोन वस्त्या. एकीकडे धनगरवस्ती, दुसरीकडे बौद्धवस्ती. प्रत्येकीला पंप आपल्या दारात हवा होता. शांतवन जमिनीच्या पोटातलं शास्त्र शिकलेले. त्यांनी आठवडाभर यंत्र लावून लावून पाहिलं, आणि पाणी लागलं ते नेमकं दोन वस्त्यांच्या मधल्या खडकात. दोन्हीकडची तोंडं वाकडी झाली. धनगरवस्तीचे कोंडीबा तेवढे म्हणाले, "ह्येंच्या देवालाबी भांडान नको आसंल."

लोकांना संशय होताच. पाणी पाजून ही माणसं आपल्याला बाटवणार, अशी कुजबुज मी कितीदा ऐकली. कृपाबाईंनी कधी वाद घातला नाही. रविवारी पहाटेच्या एसटीने त्या साताऱ्याला उपासनेला जात आणि सोमवारी पुन्हा कामाला हजर. कोंडीबांच्या कारभारीण बनाबाई फार चौकस. त्यांनी एकदा हंडा भरता भरता विचारलंच, "आवं बाई, तुमचा द्येव म्हनतो तरी काय?"

"तहानलेल्याला पाणी द्या म्हणतो," कृपाबाई म्हणाल्या.

"मग बरा हाय की," बनाबाई म्हणाल्या आणि हंडा डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

सुरुवातीचे दिवस मात्र मी विसरू शकत नाही. माझ्यासमोर दोन रांगा लागत. धनगरवस्तीच्या बाया आधी माझा दांडा धुऊन घेत आणि मगच हात लावत. बौद्धवस्तीची आम्रपाली, दहावी पास झालेली, बोलायला तिखट सून, ते रोज पाहायची आणि ओठ घट्ट मिटायची. मला ते फार लागायचं. लोखंडाला कसला आलाय विटाळ? पण पंपाला कोण विचारतो.

मग मी बिघडलो. माझ्या पोटात, खोल पाण्यात, चामड्याच्या चकत्या असतात. त्यांना वायसर म्हणतात. ते झिजले की दांडा कितीही हाणा, हवाच येते. तालुक्याचा मेकॅनिक आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. शेवटी शांतवन आणि कृपाबाईंनीच पाने आणले, माझे पाइप उपसले, वायसर बदलले. कृपाबाईंचा पंचा त्या दिवशी ग्रीसने काळा झाला आणि वस्तीने त्यांना डोक्यावर घेतलं. त्याच दिवसापासून माझं म्हणा की कृपाबाईंचं म्हणा, जरा चुकत गेलं. मी नुसतं खोकलो तरी वडूजला त्यांच्या खोलीवर निरोप जायचा आणि कृपाबाई लूनावरून धावत यायच्या. पाने त्यांच्याच पिशवीत असायचे. पुढे शांतवन जत भागात नव्या कामावर गेले आणि सगळा भार एकट्या कृपाबाईंवर आला. त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. माणूसच त्या.

एकदा मला नीट करून त्या हात पुसत होत्या. बनाबाई कौतुकाने म्हणाल्या, "बाई, तुमी हाय तवर पानी हाय."

कृपाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. बनाबाईंना वाटलं होतं, बाई खूश होतील. कृपाबाई माझ्या ओट्यावर बसल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे मी गेले की पाणी गेलं. मग मी इतकी वर्षं केलं काय?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही वस्त्यांतून बाया गोळा केल्या. शिकायला तयार झाल्या दोघीच, बनाबाई आणि आम्रपाली. एकीला दुसरीचं तोंड बघवत नव्हतं, तरी आल्या. पहिल्याच दिवशी घोळ झाला. कृपाबाईंनी सहज म्हणून चामड्याचा वायसर आम्रपालीपुढे धरला. ती झटकन मागे सरली.

"मी चामड्याला हात लावनार न्हाई," ती म्हणाली. "आमच्या आज्जानं मेलेली ढोरं सोलायचं काम सोडलं. गावानं लय तरास दिला, तरी सोडलं. आता तुमच्यापायी धरू व्हय?"

एवढं शिकलेल्या कृपाबाईंच्या ही गोष्ट डोक्यातच आली नव्हती. त्यांनी हात खाली घेतला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या, "मी विचार करायला हवा होता."

तेवढ्यात बनाबाई पुढे झाल्या. "आना हिकडं. आमचा जलम मेंढराच्या कातड्यात गेला. त्वा पाना धर गं पोरी, कातडं मी बसवते." आणि त्यांनी वायसर घेऊन तेलात बुडवला. आम्रपालीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाना उचलला. मित्रांनो, त्या दिवशी दुरुस्ती झाल्यावर दांडा कुणी धुतला नाही. मला ते दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं, आणि सांगायला लाज कशाला, मला भरून आलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कृपाबाईंचीही जतला जायची वेळ आली. तिकडे गावंच्या गावं कोरडी होती आणि शांतवन एकटे पडले होते. त्या ट्रंक घेऊन निरोप घ्यायला आल्या, त्याच सकाळी मी बंद पडलो. मुद्दाम नाही हो, शपथ. दोन्ही वस्त्यांचे हंडे रिकामे, विहिरीचा तळ उघडा आणि फाट्यावर एसटी यायला थोडाच अवकाश. सगळे कृपाबाईंकडे बघायला लागले. त्यांनी सवयीने बाह्या मागे सारल्याही.

"बाई, तुमी बसा," आम्रपाली म्हणाली.

कृपाबाई बाभळीखाली ट्रंकेवर बसल्या. आम्रपालीने माझं डोकं उघडलं आणि पाइप उपसायला माणसं लावली, या वस्तीची आणि त्या वस्तीची, मिळतील ती. "व्हडा. थांबा. कोंडीबामामा, दम धरा." पाइप एकेक करून वर येत होते. हे काम नाजूक असतं. पकड सुटली आणि पाइप खाली गेले, तर ते पुन्हा हाती लागत नाहीत, बोअर कायमची मरते आणि माझ्यासारख्याचं नुसतं लोखंड उरतं. आणि मधल्याच एका पाइपाला पकड सरकली. अख्खं ओझं हातभर खाली घसरलं. बायांच्या तोंडून हाय निघाली. कृपाबाई ताडकन उठल्या.

आम्रपालीने मागे वळूनही पाहिलं नाही. पाना पाइपाला घट्ट आवळून तिने सारं अंग त्यावर टाकलं. "म्या धरलाय," ती दातओठ खात म्हणाली. "मामा, आता पकड लावा. बाई, तुमी बसा म्हनलं न्हवं?"

कृपाबाई बसल्या. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते, नाहीतर ते थांबले नसते. ओठ हलत होते, बहुधा प्रार्थना चालू होती, पण डोळे सताड उघडे होते. पकड बसली. बाकीचे पाइप वर आले. बनाबाईंनी फाटके वायसर काढून नवे बसवले, बोटाने दाबून पाहिले आणि मान हलवली. पाइप परत खाली गेले. आम्रपालीने दांडा धरला, समोरून बनाबाईंनी धरला. पहिल्यांदा हवा आली. मग गढूळ पिचकारी. आणि मग पाणी, स्वच्छ, गार, माझ्या तोंडातून धो धो.

काय गलका झाला म्हणून सांगू! हंडे, घागरी, बादल्या, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं धावली. रांग एकच होती, आणि तीही कुणी नीट पाळेना.

एवढ्यात फाट्यावर एसटी लागली. कृपाबाईंनी आपली ट्रंक स्वतः उचलली आणि चालू लागल्या. त्यांना निरोप द्यायला कुणी गेलं नाही. हार नाही, भाषण नाही, डोळ्यांना पदर नाही. सगळे पाण्यात गुंतले होते. मी एकटाच त्यांच्याकडे पाहत होतो. गाडीच्या पायरीवर त्या थांबल्या, वळल्या आणि त्या गर्दीकडे बघून अशा हसल्या, की मी इतक्या वर्षांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग गाडी गेली. पुष्कळ वेळाने बनाबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "आगं, बाई कुटं हाईत?"

मित्रांनो, आज आम्रपाली आणि बनाबाई आसपासच्या गावांचे पंप नीट करतात. तुमच्याही गावात माझा एखादा भाऊ गंजत उभा असेल. त्याच्याकडे बघून हळहळू नका आणि कुणा मोठ्या माणसाची वाट बघत बसू नका. पाना उचला. आणि तुम्हाला काम येत असेल, तर पाना दुसऱ्याच्या हातात द्या आणि आपण जरा बाजूला बसा. हे दुसरं जास्त अवघड आहे. कृपाबाई एवढ्या शिकलेल्या, पण त्यांनाही ते माझ्याच ओट्यावर शिकावं लागलं.